बुरसटलेली गंजी उपसायला कोणाला पाठवता?



गेल्या आगमनकाळातील एक गोष्ट आधी सांगून टाकतो. ती आमच्या मनाला अजून लागून राहिली आहे.

नाताळच्या गोठ्यासाठी लागणारे गवत आमच्या चर्चच्या मागच्या कोठीत ठेवलेले असते. त्या पावसाळ्यात कोठीची दोन कौले सरकली होती. पाणी आत झिरपले, पेंढ्या भिजल्या आणि पुढे वरवर वाळल्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वेदीसेवक मुलांपैकी चौघांना गवत बाहेर काढायला आत पाठवले. कोठीत कोंदट वास भरला होता. पेंढी उचलली की पांढुरकी, राखेसारखी भुकटी उडे. मुलांना त्याची मौज वाटली. ती एकमेकांच्या अंगावर पेंढ्या टाकू लागली. अर्धा तास झाला नसेल, एवढ्यात त्यांतला एक अकरा वर्षांचा मुलगा बाहेर येऊन पायरीवर बसला. त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

आम्ही त्याला तसाच मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेले. वाफेचे औषध दिल्यावर तासाभराने त्याचा श्वास बसला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "हा काय काम करीत होता?" उत्तर देताना आमची मान खाली गेली. मुलाची आई नंतर म्हणाली, "फादर, त्याला पहिल्यापासून थोडा दमा आहे. तुमचा काय दोष?" हे तिचे मोठेपण. दोष आमचा होता. वास आम्हाला आला होता, भुकटी आम्ही पाहिली होती आणि तरी आम्ही बाहेर उभे राहून मुलांना आत धाडले.

आता भाताची कापणी तोंडावर आली आहे. लवकरच घरोघरी गंज्या रचल्या जातील, कणग्या भरल्या जातील, पुढे ऊस सुरू होईल. म्हणून या पानावर बुरशीच्या त्या भुकटीविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही ठरवले.

शेतकऱ्याला हे नवे नाही

बुरशी वाऱ्यावर बसून येते हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. गव्हावर तांबेरा पडला की पानावरून बोट फिरवून आपण ती विटकरी पूड एकमेकांना दाखवतो. ज्वारीच्या कणसात काणी धरली की खळ्यावर काळी धूळ उठते. आग्र्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनी कित्येक वर्षे खपून दाखवून दिले की, मैदानातील कडक उन्हाळ्यात गव्हाचा तांबेरा तग धरीत नाही. तो निलगिरी, पळणी आणि हिमालयाच्या थंड डोंगरांत टिकून राहतो आणि हंगाम आला की वाऱ्याबरोबर शेकडो मैल खाली उतरतो. आपल्या बेळगाव जिल्ह्यात कृष्णाकाठच्या सोयाबीनला १९९० च्या दशकात तांबेऱ्याने झोडपले. उगार खुर्दच्या परिसरात तांबेऱ्याला तोंड देणारी वाणे वर्षानुवर्षे पारखली गेली आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीएसबी २१ हे वाण दिले. एवढा खटाटोप आपण पिकासाठी केला.

मग जी धूळ शेकडो मैलांवरून येऊन पीक झोपवते, ती हातभर अंतरावरून आपल्या छातीत शिरते तेव्हा काय करते, हा प्रश्न आपण का विचारीत नाही? कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात कॅडहॅम नावाच्या डॉक्टरांनी तो विचारला होता. गव्हाच्या मळणीच्या वेळी दम लागणाऱ्या तीन शेतकऱ्यांची त्यांनी तपासणी केली, तेव्हा त्यांचा दमा तांबेऱ्याच्या पुडीमुळे उठतो असे आढळले. त्यांनी हे १९२४ साली प्रसिद्ध केले. म्हणजे या गोष्टीला शंभर वर्षे होऊन गेली.

ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. झाडाला जसे बी, तसा बुरशीला बीजाणू. सडक्या पेंढ्यात, उकिरड्यात आणि ओलसर धान्यात वाढणाऱ्या अॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचा एक बीजाणू दोन ते तीन मायक्रॉनचा असतो. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले दोनतीन भाग. मोठी धूळ नाकातल्या केसांत व घशातल्या ओलाव्यात अडकते. एवढा बारीक कण मात्र श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो.

म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. असे बीजाणू हवेत सदैव असतात, आपण ते रोज श्वासातून आत घेतो आणि निरोगी माणसाचे शरीर ते निमूटपणे साफ करते. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत असाच एक बीजाणू हवेतून येऊन पडला आणि त्यातून पेनिसिलीन मिळाले. त्याने पुढे अगणित जीव वाचवले. देवाच्या सृष्टीत बुरशीलाही काम नेमून दिलेले आहे. कुजवणारे कोणी नसते तर शेणाचे खत झाले नसते. बाधा होते ती बीजाणू फार झाले म्हणजे, किंवा ते घेणारी छाती आधीच दुबळी असली म्हणजे.

संध्याकाळचा ताप

या धुळीचे छातीवर होणारे परिणाम मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार आमच्या वेदीसेवकाचा. ज्याला दमा आहे किंवा ज्याच्या अंगाला ही धूळ सोसत नाही, त्याला थोड्याच वेळात शिंका, खोकला आणि धाप लागते. येथे कारण आणि परिणाम लागोपाठ दिसतात, म्हणून ओळखणे सोपे जाते.

दुसरा प्रकार फसवा आहे आणि आमच्या मते आपल्या गावांत तोच सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. सकाळी बुरसटलेली गंजी उपसली. दुपारपर्यंत माणूस ठणठणीत. चार ते आठ तासांनी, म्हणजे संध्याकाळी, थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, कोरडा खोकला लागतो, छाती आवळल्यासारखी होते. एकदोन दिवसांत सारे आपोआप उतरते. घरचे म्हणतात हिवताप असेल किंवा हवा बदलली असेल. गोळी घेतली, ताप गेला, गोळीचा गुण आला असे वाटले. पंधरा दिवसांनी पुन्हा गंजी, पुन्हा ताप. असे वर्षानुवर्षे होत राहिले तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडून ते चिवट होत जाते. मग एके दिवशी विहिरीची चढण चढताना दम पुरत नाही. त्यावर औषधाने फारसे काही परत मिळत नाही.

इंग्लंडमध्ये कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी १९३२ साली खराब गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत हा रोग पाहिला. त्याला 'शेतकऱ्याचे फुप्फुस' असेच नाव पडले. हा रोग प्रामुख्याने तापलेल्या गवतात वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे होतो, हे १९६३ साली जॅक पेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. शास्त्र या जंतूंना जिवाणूंत धरते, पण ते बुरशीसारखे धागे धरतात आणि तिच्यासारखेच बीजाणू उडवतात. गवतात ते बुरशीच्या सोबतीने राहतात.

त्याच सुमारास रॉदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ग्रेगरी आणि लेसी यांनी वेगवेगळ्या ओलीचे गवत बांधून ठेवून पाहिले. शेकडा १६ ओल असलेले गवत फारसे तापले नाही. शेकडा २५ ओलीचे गवत ४५ अंशांपर्यंत गेले. शेकडा ४० ओलीचे ६० अंशांवर पोहोचले आणि त्यातच हे रोगकारक जंतू माजले. असे खराब गवत हलवणारा मजूर हलके काम करीत असला तरी त्याच्या फुप्फुसात मिनिटाला साडेसात लाख बीजाणू राहू शकतात, असा हिशेब पुढे मांडला गेला. मिनिटाला साडेसात लाख! आणि गंजी उपसायला आपल्याकडे अख्खी सकाळ लागते.

उसाचेही असेच. चरकातून निघालेले ताजे चिपाड निरुपद्रवी असते. उन्हात पसरून, वाळवून लगेच चुलवाणात घातले तर फारशी भीती नाही. परंतु पावसात भिजलेले, ढिगात महिनोन्महिने तापत पडलेले चिपाड उचलताना तीच धूळ उडते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९४१ साली या रोगाचे वर्णन झाले आणि आपल्या देशातही चिपाडावर काम करणाऱ्या कामगारांत तो पुढे आढळला.

जुन्या क्षयरोग्यांनो, इकडे लक्ष द्या

तिसऱ्या प्रकारात बुरशी छातीत नुसती जाऊन थांबत नाही, तेथे वस्ती करते. निरोगी माणसात हे सहसा घडत नाही. ज्याला पूर्वी क्षय होऊन गेला आणि फुप्फुसात पोकळी राहिली, त्याच्या त्या पोकळीत अॅस्परजिलस हळूहळू वाढून तिचा गोळा होतो. ब्रिटनमध्ये क्षयातून बरे झालेल्या, पण पोकळी राहिलेल्या ५४४ रुग्णांवर लक्ष ठेवले होते. १९७० च्या अहवालाप्रमाणे त्यांतील सहासात जणांमागे एकाला अशा गोळ्याची चिन्हे दिसली.

आजाऱ्यांना पवित्र ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघरी जाताना अशी माणसे आम्हाला भेटतात. क्षयाचे औषध पूर्ण घेतलेले, दोनचार वर्षे बरी गेलेली आणि मग पुन्हा खोकला, वजन उतरणे, थुंकीतून रक्त. घरात एकच वाक्य असते, "जुना आजार उलटला." आजार उलटलेला असू शकतो, म्हणून थुंकीची तपासणी प्रथम करावीच. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते आणि चालू असलेले क्षयाचे औषध स्वतःच्या मताने मुळीच बंद करू नये. मात्र तपासणीत क्षयाचे जंतू सापडत नसतील आणि त्रास थांबत नसेल, तर "डॉक्टरसाहेब, ही बुरशी तर नव्हे ना?" असे नम्रपणे विचारावे. त्यासाठी रक्ताची निराळी तपासणी आणि छातीचे सीटी स्कॅन असते, औषधही निराळे असते. थुंकीतून रक्त पडले तर मात्र वाट पाहत घरी बसू नये.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर 'काळी बुरशी' आली, तेव्हा सारा देश हादरला. त्या मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. तीही बुरशी मातीत व सडक्या पदार्थांत असते आणि तिचे बीजाणू हवेतूनच नाकात जातात. एका माणसाकडून दुसऱ्याला ती होत नाही. ज्यांची रक्तातील साखर ताब्यात नव्हती किंवा ज्यांना स्टिरॉइडची औषधे फार दिली गेली, त्यांना तिने प्रामुख्याने गाठले. मधुमेह असलेल्यांनी बुरसटलेल्या ढिगापासून दूर राहावे, हा त्यातून आपण घ्यायचा धडा आहे.

आमचे मत

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. गावात खराब गंजी उपसायची वेळ येते तेव्हा आत कोण जाते? घराचा कर्ता बांधावर उभा राहून सांगतो. आत जाते रोजावर आलेली बाई, नाहीतर सून, नाहीतर शाळेला सुट्टी असलेले पोर. तिच्या नाकावर पदराशिवाय काही नसते आणि पदराच्या कापडातून हे बीजाणू सहज आत जातात. संध्याकाळी तिला ताप भरला तर दुसऱ्या दिवसाचा रोज बुडतो, तो तिचा. औषधाचा खर्च, तोही तिचा. गवत ओले असताना रचण्याची घाई मात्र आपण केलेली असते. आमचे स्पष्ट मत आहे की हा केवळ आरोग्याचा प्रश्न नाही, न्यायाचा आहे. ज्याच्या घाईने बुरशी झाली, तिची भरपाई त्याने दुसऱ्याच्या फुप्फुसातून करू नये.

काही जण म्हणतील, आमचे आजेपणजे हेच करीत आले, त्यांना कुठे काय झाले? झाले होते. आपण त्याला म्हातारपणाचा खोकला म्हणालो. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात धान्य चाळणाऱ्या व मोजणाऱ्या लोकांचे धुळीने होणारे हाल नोंदवले आहेत. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत आणखी एक घाला, तुझा धंदा काय, असे त्यांनी वैद्यांना सांगितले. आमच्या मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी तोच प्रश्न केला होता. सगळेच डॉक्टर तो विचारतील असे नाही. म्हणून आपणच आपणहून सांगावे: काल गंजी उपसली, परवा कणगी झाडली, चिपाड उचलले.

दुसरे कोणी म्हणतील, खराब पेंढा आम्ही गरिबाला फुकट देतो, त्याच्या म्हशीला होतो. बंधूंनो, हे दान नव्हे. जे आपल्या गोठ्यात नको ते त्याच्या गोठ्यातही नको. बुरशीचे विष जनावराच्या पोटातून दुधातही उतरू शकते. गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा भागांत १९७४ साली बुरसटलेला मका खाऊन शंभराहून अधिक गरीब आदिवासी दगावले, हे विसरू नये.

पवित्र शास्त्रात लेवीय ग्रंथाचा चौदावा अध्याय आहे. सेमिनरीत तो आम्ही भराभर वाचून पुढे गेलो होतो. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उठले तर काय करावे, याचे नियम त्यात आहेत. आजचे अनेक अभ्यासक हे चट्टे बुरशीचे असावेत असे मानतात. घरमालकाने याजकाला आपणहून कळवायचे. तपासणीपूर्वी सामान बाहेर काढायचे, म्हणजे ते अशुद्ध ठरून घरच्यांचे नुकसान होऊ नये. मग सात दिवस घर बंद ठेवून पुन्हा पाहायचे, चट्टे पसरले असतील तर ते दगड गावाबाहेर टाकायचे, भिंती खरवडून नवा गिलावा करायचा. डिसेंबरच्या त्या रात्री आम्ही हा अध्याय पुन्हा काढून वाचला. त्यात पाहायला याजक स्वतः जातो. मुलांना पाठवत नाही.

काय करावे

गवत पूर्ण वाळल्याशिवाय रचू नये. मूठभर पेंढा पिळावा. तो लवचिक राहून हाताला ओलसर लागला तर अजून एकदोन उन्हे द्यावीत. गंजीखाली दगड व लाकडे घालून बूड उचलून घ्यावे. चारपाच दिवसांनी आत हात घालून पाहावे, कोमट लागली तर फोडून पसरावी. हाताला चटका बसेल इतकी तापली असेल तर मात्र घाईने उघडू नये. हवा लागून ती पेट घेऊ शकते, म्हणून जवळ पाणी व चार माणसे असावीत. भात शेकडा १३ ते १४, मका १२ ते १३ आणि शेंग ८ ते ९ ओलीवर आणूनच साठवावी. दाण्याला दाताखाली कट् असा आवाज यायला हवा.

इतके करूनही गंजी बिघडली, तर ती उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन उपसावी. आधी पाणी शिंपडून धूळ बसवावी आणि दाताळ्याने हलकेच उचलावे, झटकू नये. नाकातोंडावर कोरोनाच्या दिवसांत वापरला तो एन ९५ मुखवटा घट्ट बसवावा, काम झाल्यावर कपडे बदलून अंघोळ करावी. मुले, दमेकरी, जुने क्षयरोगी आणि मधुमेही यांना तेथे फिरकू देऊ नये. खराब पेंढा घरापासून दूर खतात घालून ओला ठेवावा. ज्याची गंजी, त्याने मुखवटा आणून द्यावा. रोजाबरोबर हे देणे लागते असे समजावे.

आमच्यापुरते सांगायचे तर, कोठीची कौले यंदा मृगाआधीच शाकारून घेतली. ती कोठी आम्ही स्वतः, दोन प्रौढ भाविकांना बरोबर घेऊन, मुखवटे लावून झाडून काढली. यंदाच्या गोठ्यासाठी नवे, कोरडे गवत येईल आणि बाळ येशूच्या बिछान्याला हात लावण्याआधी त्याचा वास आम्ही घेऊ. तो मुलगा वेदीसेवक म्हणून आजही येतो. घंटा वाजवायचे काम त्याच्याकडे आहे.

नव्याच्या सणाला आपण भाताची पहिली लोंबी वेदीवर आणली आणि आशीर्वाद घेतला. त्याच भाताचा पेंढा आता घरी येईल. ज्यांच्या गंजीत काही बिघडले असेल त्यांनी रविवारी मिस्सानंतर आम्हाला निःसंकोच सांगावे. मुखवट्यांचा एक डबा आम्ही चर्चच्या कार्यालयात आणून ठेवला आहे. कोणाला आत पाठवण्याआधी मालकाने स्वतः दारात उभे राहून एकदा वास घ्यावा. कोंदट आला तर आधी थांबावे.